रांगेतली प्रत्येक गाडी

लासलगावच्या बाजार समितीतला कांद्याचा लिलाव तुम्ही कधी पाहिला नसेल, तर हे पुस्तक वाचायला घेण्याआधी एकदा पाहून या. मध्य रेल्वेच्या मुंबई–भुसावळ मार्गावर स्टेशन आहे, तिथून कुणालाही विचारा. आवारात ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप एकामागे एक रांगेत लागलेल्या असतात. व्यापाऱ्यांचा घोळका पहिल्या गाडीपाशी येतो. कुणी दोन-चार कांदे उचलून सालीवर अंगठा फिरवतो, कुणी ढिगात हात घालून खालचा माल वर काढतो. बोली सुटते, चढते, थांबते. दर लिहिला जातो आणि घोळका पुढच्या गाडीकडे सरकतो. तिथे पुन्हा तेच सगळं, पण कांदा वेगळा, शेतकरी वेगळा, दर वेगळा. रांग संपेपर्यंत हे असंच चालतं.

वेबपेज बनवायला शिकणाऱ्या मुलांना मी इथूनच सुरुवात करून देतो. नोंदींची यादी घ्यायची, एकेका नोंदीपाशी थांबायचं, तिच्याशी जे करायचं ते करायचं आणि पुढे जायचं. मोबाईलवर रोज दिसणारी जवळजवळ प्रत्येक यादी या एकाच कामातून उभी राहते. बाजारभावांचा तक्ता असो, बसचं वेळापत्रक असो किंवा बँकेच्या खात्यातले व्यवहार असोत. इंग्रजी पुस्तकं याला ‘अ‍ॅरे ऑफ ऑब्जेक्ट्सवर लूप लावणं’ म्हणतात. ऐकूनच मुलं बिचकतात. त्यातल्या निम्म्या मुलांनी बापाच्या ट्रॉलीवर बसून हेच काम शेकडो वेळा पाहिलेलं असतं.

शब्दांचं आधी मिटवून घेऊ. या पुस्तकात अ‍ॅरेला यादी, ऑब्जेक्टला नोंद आणि लूपला फेरी म्हटलं आहे. लूपला ‘चक्र’ म्हणावं असा आग्रह काही मित्रांनी धरला होता. मला तो पटला नाही. चक्र फिरून जिथल्या तिथे येतं. आपल्याला जिथल्या तिथे यायचं नाही, रांगेच्या टोकाला पोचायचं आहे. वासुदेव फेरीला निघतो तेव्हा एकेक दार घेत पुढे जातो, तीच ही फेरी. टोक नसलेली फेरी ही चूक असते, आणि ती केली की ब्राउझर गोठून बसतो. तो अनुभव प्रत्येकाला एकदा येतोच, त्यामुळे त्यावर वेगळं प्रकरण लिहिलेलं नाही.

नोंद म्हणजे काय, ते मात्र सावकाश समजून घ्यायला हवं. एका गाडीबद्दल आपल्याला काय काय ठाऊक असतं? शेतकऱ्याचं नाव, गाव, गाडीचा नंबर, कांदा लाल की उन्हाळ, वजन, मिळालेला दर. नवशिका माणूस यातल्या प्रत्येक गोष्टीची वेगळी यादी करतो. नावांची एक, वजनांची एक, दरांची एक. तिसरं नाव, तिसरं वजन आणि तिसरा दर एकाच गाडीचे, असं तो मनाशी धरून चालतो. मग एखादं नाव चुकून दोनदा पडतं आणि तिथून खाली प्रत्येकाचा दर शेजाऱ्याच्या नावावर जातो. कुठेही लाल अक्षरात सूचना येत नाही, तक्ता भरगच्च आणि देखणा दिसतो. म्हणून एका गाडीचं सगळं एकाच गाठोड्यात बांधायचं आणि गाठोड्यांची रांग लावायची. गाडी पुढे-मागे झाली तरी तिचं वजन आणि तिचा दर तिच्यासोबतच जातात. ‘नोंदींची यादी’ या साध्या रचनेचं सगळं मोल एवढ्यात आलं.

सर्व्हरकडून पानाकडे येणारा मजकूरही आज बहुधा याच रूपात येतो. त्या लिखाणाला जेसन म्हणतात. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ च्या सुमारास ते मांडलं आणि रुळवलं. चौकोनी कंसात यादी, महिरपी कंसात नोंद, नोंदीत नाव आणि त्यापुढे किंमत. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ रोजचे बाजारभाव देतं ते आठवा. बाजार समिती, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. तक्त्यातली प्रत्येक आडवी ओळ ही एक नोंद, आणि ओळींचा अख्खा तक्ता म्हणजे यादी. लासलगावची ओळ त्यातलीच एक, पण ती वाचायला देशभरातले कांद्याचे व्यापारी टपून असतात.

फेरीची कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. एडा लव्हलेस यांनी १८४३ मध्ये बॅबेजच्या गणनयंत्रावर लिहिलेल्या टिपांत तीच क्रिया पुन्हा पुन्हा करवून घेण्याचा विचार आहे, आणि तेव्हा ते यंत्र बांधूनही झालेलं नव्हतं. १९५७ च्या फोरट्रान भाषेत फेरीसाठी स्वतंत्र आज्ञा आली. वेबची भाषा जावास्क्रिप्ट मात्र अगदी घाईत जन्मली. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपसाठी तिचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. त्या घाईच्या खुणा आजही जागोजागी दिसतात, आणि या पुस्तकातली बरीच पानं त्या खुणांवरच खर्ची पडली आहेत.

या भाषेत रांग शून्यापासून मोजतात. पहिल्या गाडीचा क्रमांक शून्य, बाराव्या गाडीचा अकरा. मुलं यावर दोन दिवस कुरकुरतात. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये या मोजणीच्या बाजूने एक छोटं टिपण लिहिलं. त्यांचा युक्तिवाद बिनतोड आहे, पण वर्गात तो सांगून कुणाचं समाधान झालेलं मी पाहिलेलं नाही. मी दुसरंच काही सांगतो. आपल्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन. पहिल्याला वेगळं नाव दिलं म्हणून कुणाच्या पोत्यात माप कमी पडल्याचं ऐकलंय का? मुलं हसतात आणि शून्य पचतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. फेरी लिहिण्याचे प्रकार अनेक आहेत, आणि बहुतेक पुस्तकं ते ओळीने शिकवतात. क्रमांक मोजत जाणारी जुनी ‘फॉर’ फेरी, मग जावास्क्रिप्टच्या २००९ च्या आवृत्तीने सगळीकडे पोचवलेले फॉरईच, मॅप, फिल्टर, रिड्यूस, मग २०१५ ची ‘फॉर-ऑफ’. विद्यार्थी सगळे पाठ करतो आणि नंतर आयुष्यभर त्यातला एकच वापरतो, जो त्याला पहिल्या दिवशी जमला होता तो. माझं म्हणणं असं की फेरीचा प्रकार कधी पाठ करू नये. रांगेला आपण काय विचारायला निघालो आहोत ते आधी एका मराठी वाक्यात लिहावं. वाक्य नीट लिहिलं असेल तर प्रकार त्या वाक्यातच सापडतो.

‘प्रत्येक गाडीची हिशेबाची पट्टी बनव.’ जेवढ्या गाड्या तेवढ्या पट्ट्या, म्हणजे मॅप. ‘फक्त उन्हाळ कांद्याच्या गाड्या वेगळ्या काढ.’ तितक्याच किंवा कमी गाड्या मिळणार, म्हणजे फिल्टर. ‘आज एकूण किती क्विंटल?’ अख्ख्या रांगेचा एक आकडा, म्हणजे रिड्यूस. ‘विंचूरची एखादी गाडी आली आहे का?’ एक दिसली की पुढे बघायचं कारण नाही, म्हणजे सम. ‘सगळ्यांची वजनं झाली का?’ एक राहिली तरी उत्तर नाही, म्हणजे एव्हरी. जुन्या फॉर फेरीने यातलं सगळं करता येतं हे खरंच आहे. कोयत्याने पेन्सिललाही टोक काढता येतं.

मध्येच थांबण्याचा प्रश्न इथे कळीचा आहे. फॉरईच एकदा निघाली की शेवटच्या गाडीपर्यंत जाणारच. त्रुटी फेकून ती मोडता येते, पण तो दंगा झाला, थांबणं नव्हे. फॉर-ऑफला मात्र ‘पुरे’ सांगता येतं. लासलगावकरांना हा फरक समजावावा लागत नाही. भाव कोसळला की शेतकरी लिलाव बंद पाडतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यातबंदी आणली तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या बाजारांत तेच झालं, अर्धी रांग तशीच उभी. ज्या कामात रांग अर्ध्यावर थांबण्याची शक्यता आहे, त्या कामाला फॉरईच लावू नये.

आता खड्ड्यांविषयी. त्यातले बरेच मी स्वतः पडून मोजलेले आहेत.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याच्या खळ्यासाठी मी छोटं पान करून दिलं होतं. गाड्यांची यादी भरायची, खाली दिवसाचं एकूण वजन, एकूण रक्कम आणि सरासरी दर दिसायचा. आठवणीसाठी सोपे आकडे घेतो. १८ क्विंटल १४५० च्या दराने, २२ क्विंटल १६०० ने आणि ४ क्विंटल गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, ७०० ने. रक्कम बरोबर आली, ६४,१०० रुपये. सरासरी दर मात्र आला क्विंटलला साडेतीन रुपये.

घोळ असा होता की चौकटीत टाइप केलेलं वजन जावास्क्रिप्टला आकडा म्हणून मिळत नाही, मजकूर म्हणून मिळतं. गुणाकार करताना ही भाषा समजूतदारपणे त्या मजकुराचा आकडा करून घेते, म्हणून रक्कम बरोबर. पण अधिकचं चिन्ह दिसलं की ती बेरीज करत नाही, अक्षरं एकापुढे एक चिकटवते. शून्यापुढे १८, त्यापुढे २२, त्यापुढे ४. एकूण वजन झालं ०१८२२४. चव्वेचाळीस क्विंटलचे अठरा हजार क्विंटल झाले आणि दर मातीत गेला. अर्धं उत्तर बरोबर येणं हीच या चुकीची सगळ्यात वाईट बाजू, कारण बरोबर आलेली रक्कम पाहून माणूस निर्धास्त होतो.

तो व्यापारी साडेतीनचा आकडा पाहून मोठ्याने हसला, म्हणून चूक तरी सापडली. पण कांद्याच्या बाबतीत अशक्य आकडा म्हणजे नेमका कोणता, हेही सांगणं अवघड आहे. २०१८ मध्ये लासलगावच्याच निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ७५० किलो कांद्याचे आलेले १,०६४ रुपये मनीऑर्डरीने पंतप्रधानांना पाठवले होते. क्विंटलला १४० च्या आसपास पडले. माझ्या पानाने तेव्हा साडेतीनऐवजी १४० दाखवले असते तर कुणाला संशय आला असता? पडद्यावरचा आकडा विश्वासाने वाचणारा माणूस पलीकडे असतो. फेरी लिहिताना एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

त्याच उदाहरणात सरासरीचा दुसरा सापळा आहे. तीन दरांची बेरीज करून तीनने भागलं तर १२५० येतात. रकमेला वजनाने भागलं तर १४५७ येतात. चार क्विंटल गोल्टीला बावीस क्विंटल चांगल्या मालाइतकंच मत दिलं की बाजार दोनशे रुपयांनी पडलेला दिसतो. इथे भाषेचा काही दोष नाही, आपण प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. आणि बाजारभावाच्या तक्त्यातला ‘सर्वसाधारण दर’ या दोन्हींपेक्षा निराळा, बहुतांश माल ज्या दराने गेला तो.

क्रम लावताना भाषेची जन्मखूण पुन्हा आडवी येते. ९००, १४५०, ७००, १६०० हे दर ‘सॉर्ट’ला काही न सांगता दिले, तर ती १४५०, १६००, ७००, ९०० असे लावून देते. कारण ती त्यांना शब्द समजते आणि पहिलं अक्षर बघते, शब्दकोशासारखं. किमान दर १४५० आणि कमाल दर ९००! दोन आकड्यांची तुलना कशी करायची हे दरवेळी हाताने सांगावं लागतं.

फेरी चालू असताना रांगेतून गाडी काढणं हा माझा सर्वांत आवडता खड्डा, कारण तो बाजारात उभं राहून डोळ्यांनी दिसतो. समजा विकलेली गाडी लगेच रांगेतून बाहेर काढली. मागच्या सगळ्या एकेक जागा पुढे सरकल्या. आता व्यापारी जर ‘पाचवी झाली, आता सहावी जागा’ असं मोजत चालले असतील, तर जी गाडी सहावीवरून पाचवीवर आली ती राहूनच जाईल. तिचा मालक हात वर करून ओरडेल. यादीतली नोंद ओरडत नाही. म्हणून चालू फेरीत मूळ रांगेला हात लावायचा नाही. फिल्टरने नवी रांग बनवायची आणि जुनी आहे तशी राहू द्यायची.

दुसरा एक सूक्ष्म प्रकार आहे. यादीची नक्कल केली म्हणजे नोंदींची नक्कल झाली असं वाटतं. प्रत्यक्षात यादीत नोंदी नसतात, नोंदींचे पत्ते असतात, आणि नक्कल होते ती पत्त्यांची. खळ्यावर गाडी खाली करताना वांधा निघाला, नक्कल केलेल्या यादीत दर पन्नासने कमी केला, तर मूळ यादीतही तो कमी झालेला सापडतो. सकाळी बोलीत ठरलेला दर नेमका किती होता, हे सांगायला मग कुणी उरत नाही. कार्बन ठेवून काढलेली प्रत आणि एकच पावती दोघांनी वाचणं, यांतला हा फरक आहे.

आणि वाट पाहण्याचा प्रश्न. गाडी भुईकाट्यावर भरलेली जाते, माल खाली करून रिकामी पुन्हा येते, तेव्हा कुठे वजन कळतं. सर्व्हरकडून माहिती मागवणंही तसंच, उत्तर यायला वेळ लागतो. फॉरईच कुणासाठी थांबत नाही. ती सगळ्या गाड्या काट्याकडे पिटाळते आणि एकही परतायच्या आत पट्टी लिहायला घेते. ज्याला एकेक वजन घेत जायचं आहे त्याने फॉर-ऑफमध्ये थांबावं. ज्याला सगळ्या एकदम पाठवून शेवटी एकदाच थांबायचं आहे त्याच्यासाठी वेगळी सोय आहे, ती सातव्या प्रकरणात.

मराठी वाचकासाठी म्हणून एक गोष्ट इथेच सांगतो, इंग्रजी पुस्तकांत ती तुम्हाला सहसा मिळणार नाही. जावास्क्रिप्टमध्ये नावं देवनागरीत देता येतात. ‘वजन’, ‘दर’, ‘गाव’ असं सरळ लिहा, चालतं. या पुस्तकातली उदाहरणं तशीच लिहिली आहेत. नोकरीत गेल्यावर नावं इंग्रजी करावी लागतील, तेव्हा करा. समजत नाही तोवर परक्या भाषेतल्या नावांचं ओझं कशाला? पण देवनागरी आकड्यांचं तसं नाही. पडद्यावर दाखवताना हीच भाषा, मराठीत दाखव म्हटलं की, १५०० देवनागरीत छापून देते. तेच तिला वाचायला दिलं की ‘हा आकडाच नाही’ म्हणते. शेतकऱ्याने मराठी कळफलकावरून दर भरला की पान कोसळतं आणि दोष शेतकऱ्याला दिला जातो. उपाय दोन ओळींचा आहे. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६, इंग्रजी शून्याचा ४८. प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की काम झालं. दोन ओळी लिहायच्या नाहीत म्हणून वापरणाऱ्याला ‘इंग्रजीत भरा’ सांगणारी पानं मला बिलकूल आवडत नाहीत.

राहिलेली गोष्ट रिकाम्या जागेची. नोंदीत वजनाचा रकानाच नसेल, तर जावास्क्रिप्ट ते ‘अनडिफाइन्ड’ मानते. त्याला दराने गुणलं की ‘आकडा नव्हे’ असं उत्तर येतं, आणि तो एकच ‘आकडा नव्हे’ पुढची सगळी बेरीज नासवतो. हे बरं, निदान कळतं तरी. पण रकाना आहे आणि त्यात काहीच भरलेलं नाही, तर गुणाकारात ते रिकामेपण मुकाट्याने शून्य होतं. गाडी रांगेत असते, नाव-गाव असतं, दर असतो, रक्कम शून्य. बाकीच्यांची बेरीज व्यवस्थित.

पहिल्या प्रकरणातल्या यादीत बारा गाड्या आहेत आणि त्यांतल्या एकीचं वजन मी मुद्दाम रिकामं सोडलं आहे. रकमेची बेरीज येईल, तक्रार येणार नाही. ती गाडी कोणती हे सापडल्याशिवाय दुसरं प्रकरण उघडू नका.